शेकड्याचे गणित : लीलावतीपासून भरती परीक्षेपर्यंत

सालाबादप्रमाणे यंदाही स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप कार्यकारिणीकडून आला, तेव्हा विषय आधीच डोक्यात होता. गेले दीड वर्ष आम्ही दोघे-तिघे संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात कॉलनीतल्या मुलांकडून रेल्वे भरतीच्या परीक्षेची तयारी करून घेतो. मराठी मुले असतात, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी मुलेही असतात. एकदा मी फळ्यावर एक साधे उदाहरण लिहिले. एका वस्तूची किंमत २५ टक्क्यांनी वाढवली, नंतर २५ टक्क्यांनी कमी केली, तर मूळ किमतीत किती टक्के फरक पडला? अकरा मुलांपैकी आठ जणांनी सांगितले, काहीच फरक नाही. उत्तर चुकल्याचे कळल्यावर एक मुलगी वैतागून म्हणाली, "काका, ही असली गणितं काढली तरी कुणी? इंग्रजांनीच ना?"

त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र प्रश्न मनातून जाईना. शोध घेत गेलो तर उत्तर बरेच मागे निघाले, आणि त्यातला एक मोठा टप्पा आपल्या चाळीसगाव स्टेशनपासून थोड्याच अंतरावर आहे असे दिसले. ते उत्तर इथे मांडतो.

गणेशवंदनेने सुरू होणारे गणित

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचा पहिला भाग म्हणजे 'लीलावती', अर्थात अंकगणित. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत आवर्जून सांगण्याची गोष्ट अशी की 'लीलावती'चा पहिलाच श्लोक गजाननाच्या वंदनेचा आहे. विघ्नहर्त्याला नमस्कार करून आचार्य लगेच व्यवहाराला लागतात आणि नाण्यांचे कोष्टक देतात. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. हा सोळाचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

आचार्यांच्या गावाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसरातला शिलालेख प्रसिद्ध आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १९ व्या शतकात उजेडात आणला. आचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले, असे तो लेख सांगतो. काळ इ. स. १२०७ च्या सुमाराचा. लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विक्रीला येणाऱ्या मालावर राजाला जे येणे होते ते मठाला दिले, अशा अर्थाचा मजकूर त्यात येतो. म्हणजे गणिताची शाळा बाजारातल्या विक्रीच्या हिश्श्यावर चालत होती. भुसावळ-मनमाड मार्गाने आपण कितीदा गेलो असू, पण चाळीसगाव आले की हे आठवते किती जणांना?

भुंगे, कमळे आणि 'समजा'

आता 'लीलावती'तली दोन उदाहरणे माझ्या शब्दांत सांगतो. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबाच्या फुलावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्या एका फुलावर गेला. या दोन हिश्श्यांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलावर गेले आणि एकच भुंगा हवेत घिरट्या घालत राहिला. तर थवा केवढा? छेद पंधरा धरला की पाचवा हिस्सा ३, तिसरा हिस्सा ५, फरक २, त्याची तिप्पट ६. बेरीज १४. उरला एक. थवा पंधरा भुंग्यांचा.

दुसरे उदाहरण पूजेचे. कमळांच्या राशीतला तिसरा, पाचवा आणि सहावा हिस्सा अनुक्रमे शंकर, विष्णू आणि सूर्य यांना वाहिला, चौथा हिस्सा देवीला. उरलेली सहा कमळे गुरूंच्या चरणी ठेवली. एकूण कमळे किती? इथे आचार्य 'इष्टकर्म' नावाची रीत वापरतात. उत्तर माहीत नाही ना, मग सोयीची एखादी संख्या धरून चाला. समजा कमळे ६० होती. मग वाहिली २०, १२, १० आणि १५, म्हणजे ५७. उरतात ३. प्रत्यक्षात उरली आहेत ६, म्हणजे दुप्पट. तेव्हा कमळेही साठाच्या दुप्पट, १२०.

आमच्या वर्गातल्या मुलांना मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काका, हे तर 'समजा शंभर' झालं!" अगदी बरोबर. टक्केवारीच्या उदाहरणात मूळ किंमत दिलेली नसली की आपण १०० धरतो, ती इष्टकर्माचीच धाकटी बहीण. आणि ही युक्ती 'लीलावती'हूनही जुनी आहे. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मध्ये आह्मेस नावाच्या लेखनिकाने पपायरसवर उतरून ठेवलेल्या गणितांत असे एक आहे : एका संख्येत तिचाच सातवा भाग मिळवला तर १९ होतात, ती संख्या कोणती? तिथेही आधी ७ धरतात, सातवा भाग मिळवून ८ येतात, मग ८ चे १९ करायला जितकी पट लागते तितकी पट सातची घेतात. उत्तर १६ पूर्णांक ५/८. साडेतीन हजार वर्षांत माणसाचे डोके फारसे बदललेले नाही.

त्रैराशिक

अपूर्णांकाची दुसरी किल्ली म्हणजे त्रैराशिक. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ते एका श्लोकात सांगितले, ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये त्याची मांडणी आणखी स्पष्ट केली. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी. पाच किलोला (प्रमाण) दोनशे रुपये (फल), तर आठ किलोला (इच्छा) किती? फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा, ३२० रुपये. पहिली आणि शेवटची राशी एकाच जातीची हवी, हा यातला खरा नियम. परीक्षेत मुले चुकतात ती गुणाकारात नव्हे, इथे चुकतात. किलोच्या जागी रुपये मांडतात. भास्कराचार्यांनी तर म्हटले आहे की जसे सारे जग नारायणाने व्यापले आहे, तसे सारे गणित त्रैराशिकाने व्यापले आहे.

व्याजासाठी त्याचाच विस्तार म्हणजे पंचराशिक. 'लीलावती'तले उदाहरण असे : शंभराला महिन्याला पाच व्याज, तर सोळाला वर्षाचे किती? शंभराला वर्षाचे ६०, म्हणून सोळाला ९ पूर्णांक ३/५. म्हणजे 'शंभराला किती' हा प्रश्न इथे फार पूर्वीपासून विचारला जात होता. कौटिलीय अर्थशास्त्रात तर जोखमीप्रमाणे दर दिले आहेत. शंभर पणांना दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज, व्यापाऱ्यांत पाच, अरण्यातून माल नेणाऱ्यांना दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. सव्वा पण दरमहा म्हणजे वर्षाला पंधरा टक्के. आपण शाळेत 'द. सा. द. शे.' म्हणजे 'दर साल दर शेकडा' असे घोकले, ते याच परंपरेतले.

युरोपातही रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळी लिलावाच्या विक्रीवर शंभरावा हिस्सा कर होता. आज आपण टक्क्याची जी खूण लिहितो, ती १५ व्या शतकातल्या इटालियन व्यापाऱ्यांनी 'शंभराला' हा शब्द आखूड करून लिहिता लिहिता घडत गेली. तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की ही गणिते एकट्या इंग्रजांनी काढलेली नाहीत. जिथे जिथे बाजार, कर आणि सावकार होते, तिथे तिथे ती निघाली.

चौथाई : कशाचे टक्के?

टक्केवारीच्या शाब्दिक उदाहरणात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच, टक्के कशाचे? याचे उत्तम उदाहरण मला मराठ्यांच्या इतिहासात सापडले. शिवछत्रपतींच्या काळापासून चौथाई आणि सरदेशमुखी हे दोन हक्क आपण ऐकत आलो. चौथाई म्हणजे वसुलाचे २५ टक्के, सरदेशमुखी म्हणजे १० टक्के. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. त्यानंतर शाहू महाराजांच्या कारकिर्दीत चौथाईची वाटणी ठरली, ती अशी. चौथाईचा चौथा हिस्सा राजाचा, त्याला राजबाबती म्हणत. बाकी तीन हिस्से मोकासा. त्या मोकाशातून 'साहोत्रा' म्हणजे सहा टक्के पंत सचिवांना आणि 'नाडगौंडा' म्हणजे तीन टक्के राजाच्या मर्जीने द्यायचे. उरलेले सरदारांना, फौज बाळगण्यासाठी.

आता खोच पाहा. साहोत्रा आणि नाडगौंडा मोकाशातून काढायचे, पण त्यांचे टक्के मोजायचे संपूर्ण चौथाईवर. एकूण वसूल १०० रुपये धरा. चौथाई २५. राजबाबती सव्वासहा. साहोत्रा २५ चे सहा टक्के म्हणजे दीड. नाडगौंडा पाऊण. सरदारांना उरले साडेसोळा. सव्वासहा, दीड, पाऊण आणि साडेसोळा मिळून बरोबर २५. एखाद्या कारकुनाने साहोत्रा चुकून मोकाशावर धरला असता तर दीडऐवजी सव्वा रुपया एक आणि जवळजवळ दोन नवे पैसे कमी-जास्त असली बारीक चूक झाली नसती, थेट पाव हिस्सा गेला असता. मोकासा पावणेएकोणीस, त्याचे सहा टक्के म्हणजे एक रुपया साडेबारा पैसे. दीड रुपयात साडेसदतीस पैशांची तूट, आणि तीही संपूर्ण सुभ्याच्या वसुलावर. त्या काळी हा हिशेब कागदावर मोडीत होत असे आणि त्यावर फौजा पोसल्या जात.

आपल्या बिलासपूरकरांना हा इतिहास परका नाही. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले आणि पुढे बिंबाजी भोसले तिथेच राहून कारभार पाहू लागले. रामटेकडीच्या देवळात आपण सहलीला जातो, ते देऊळ त्यांच्या काळचे.

सोळा आण्यांची टक्केवारी

माझ्या आजोबांना टक्केवारी शिकवावी लागली नव्हती. त्यांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी पाठ केली होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. पैशाच्या हिशेबाने रुपयाचे ६४ आणि पैच्या हिशेबाने १९२ भाग. सोळाचे अर्धे, पाव, अष्टमांश सहज होतात, म्हणून बाजारात हिशेब तोंडी होत असे.

आता स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात 'पाठ करा' म्हणून जे कोष्टक देतात ते पाहा. साडेबारा टक्के म्हणजे १/८, साडेसदतीस म्हणजे ३/८, सव्वासहा म्हणजे १/१६. ही सगळी आण्यांचीच नावे आहेत. एक आणा सव्वासहा टक्के. चवली साडेबारा. पावली पंचवीस. सहा आणे साडेसदतीस. बारा आणे पंचाहत्तर. ६४० चे साडेसदतीस टक्के काढा असे आले की रुपयाला सहा आणे, म्हणजे ३/८, उत्तर २४०. आणि आपले पहिले उदाहरण? सोळा आण्यांची वस्तू पावभर वाढली, वीस आणे झाली. आता वीसचा पाव हिस्सा गेला, म्हणजे पाच आणे. उरले पंधरा. एक आणा गेला, म्हणजे सव्वासहा टक्के घट. फळ्यावर हे मांडले तेव्हा वर्ग गप्प झाला. वाढ सोळावर मोजली, घट वीसवर. टक्के कशाचे, हेच पुन्हा.

१ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नये पैसे झाले, १९६४ मध्ये 'नया' शब्द गळाला. बदल चांगलाच होता, पण सुरुवातीला गंमती झाल्या. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. पाव पैसा देणार कुठून? म्हणून एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीनला १९ आणि चारला २५ असा दर ठरला. चार आण्यांचे नाणे दिले तर २५ मिळत आणि एकेक आणा चार वेळा दिला तर २४. अपूर्णांक कुठे पूर्ण करायचा याचा धडा साऱ्या देशाने बाजारात घेतला. ३० जून २०११ रोजी पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले आणि 'चार आणे' फक्त बोलण्यात उरले.

आताची परीक्षा

पर्यायांतून उत्तर निवडायची पद्धत अमेरिकेत फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमारास आणली. तिथल्या महाविद्यालयीन प्रवेशाची 'सॅट' ही परीक्षा जून १९२६ मध्ये प्रथम झाली, आणि तिच्यातही शाब्दिक अंकगणिताचा विभाग होता. आपल्याकडे रेल्वे भरती मंडळाच्या कनिष्ठ अभियंता परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, त्यांत ३० गणिताचे. चुकीच्या उत्तराला १/३ गुण वजा. हा १/३ कुठून आला, तेही अपूर्णांकानेच कळते. चार पर्यायांत डोळे मिटून १०० प्रश्न सोडवले तर सरासरी २५ बरोबर, ७५ चूक. २५ मिळाले, ७५ चे तिसरे हिस्से म्हणजे २५ गेले. हाती शून्य. पण दोन पर्याय निश्चित खोडता आले, तर अशा ९० प्रश्नांत सरासरी ४५ बरोबर, १५ वजा, ३० हाती. अंदाज आणि अभ्यास यांत हा फरक आहे.

मी स्वतः डिप्लोमा करून नोकरीला लागलो. एका खात्यांतर्गत परीक्षेत प्रश्न होता : अ चा पगार ब पेक्षा २५ टक्क्यांनी जास्त, तर ब चा अ पेक्षा किती टक्क्यांनी कमी? घाईत मी २५ लिहिले. सोळाचे वीस झाले, आता वीसमधून चार कमी, म्हणजे पाचवा हिस्सा, २० टक्के. आजोबांनी झोपेत सांगितले असते. त्या वर्षी माझी बढती थोडक्यात हुकली. चूक सर्वस्वी माझी होती, आणि म्हणूनच ती विसरलो नाही.

आमच्या सेक्शनमधला एक ट्रॅकमन गेल्या वर्षी वर्गाला येऊ लागला. वय पस्तिशीच्या पुढे. गणित आपल्याला जमणार नाही, ते इंग्रजी शाळेवाल्यांचे काम, असे त्याने ठरवूनच टाकले होते. मी विचारले, चारशेत एकचा चढ म्हणजे काय? तो म्हणाला, चारशे मीटर पुढे गेलो की एक मीटर वर. स्टेशनच्या यार्डात याहून जास्त चढ चालत नाही हेही त्याला ठाऊक होते. मग शंभर मीटरला किती? "पाव मीटर." झाले, पाव टक्का. दोनशेत एक म्हणजे अर्धा टक्का. १८६३ मध्ये सुरू झालेला आपला बोरघाट सदतिसात एकचा, म्हणजे जवळजवळ पावणेतीन टक्के, म्हणून तिथे गाडीला मागून बँकर इंजिने लावतात. तो दहा वर्षे रुळांवर टक्केवारीच मोजत होता, फक्त तिचे नाव त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याच्या घरी सवैया, ड्योढा, ढैया म्हणणारी म्हातारी माणसे होती. आपली सवायकी, दीडकी, अडीचकी तीच. त्याने परीक्षा दिली आहे, निकाल लागायचा आहे.

शेवटी थोडेसे

मला काळजी वाटते ती आपल्याच मुलांची. इथे वाढलेली आपली मुले मराठी बोलतात, पण 'पावणेदोन' म्हटले की एक पूर्णांक तीन चतुर्थांश त्यांच्या डोळ्यासमोर उभे राहत नाहीत. 'अडीच' आणि 'साडेतीन' यांत गोंधळ होतो. त्यांना सूत्रे पाठ आहेत, मात्र अर्धा, पाव, पाऊण हे हाताळलेले नाहीत. शब्द गेला की त्यातले गणितही जाते, आणि नंतर तेच क्लासची फी भरून विकत आणावे लागते. आजी-आजोबा इथे आले की त्यांनी रात्री पाच मिनिटे पावकी-निमकी म्हणून घ्यावी, एवढी विनंती.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी तीनच गोष्टी सांगतो. टक्के कशाचे आहेत ते आधी अधोरेखित करा. मूळ संख्या दिली नसेल तर १०० किंवा सोयीची संख्या धरा, वर कमळांच्या उदाहरणात साठ धरले तसे. उत्तर आल्यावर उदाहरणात परत घालून ताळा करा.

वर्ग दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता असतो, फी नाही. गणेशोत्सवाचे दहा दिवस सुट्टी, अनंत चतुर्दशीनंतर पुन्हा सुरू. कमळांचे उदाहरण मुलांनी आरतीच्या आधी एकदा फुले मोजून करून पाहावे. 'लीलावती' बाप्पाच्याच नावाने सुरू झाली आहे, आपणही तसेच करू.

गणपती बाप्पा मोरया!